विंच अडकली होती

आमच्या इथल्या मराठी मंडळींत कुणी उशिरा पोहोचलं की अजूनही विचारतात, "काय, विंच अडकली का?" कुणाची गाडी सिग्नलला बंद पडली, कुणाच्या पोरानं गृहपाठ केला नाही, कुणाचा ढोकळा फुगला नाही, तरी हेच. ज्या बायकांनी आयुष्यात विंच पाहिली नाही त्यांच्याही तोंडी हे वाक्य बसलं आहे. दुबईत नव्यानं आलेली जोडपी आधी नुसती हसतात, मग हळूच विचारतात, हा काय प्रकार आहे. की लगेच कुणीतरी खुर्ची पुढे ओढून सांगायला लागतं. थापेबाजाची गोष्ट. मुद्दाम धडक देणाऱ्याची गोष्ट.

ती गोष्ट खोटी आहे. विंच खरोखर अडकली होती. माझ्यामुळे अडकली होती, ते मला त्याच दिवशी, तिथल्या तिथे कळलं होतं, आणि मी गप्प बसलो. आता सत्तरी ओलांडली आहे. हे लिहितो आहे ते रागानं. राग पहिला माझ्यावर आहे. पण सगळा माझ्यावर नाही.

आधी खेळ सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. रिमोटवर चालणाऱ्या शिडाच्या बोटी. हातभर नव्हेत, चांगल्या मीटरभर लांब, कार्बनचं अंग, खाली तोल राखायला शिशाचा गोळा, वर माणसाच्या उंचीएवढी डोलकाठी. माणूस काठावर उभा राहतो आणि हातातल्या रिमोटनं फक्त दोन गोष्टी करू शकतो: सुकाणू वळवणं आणि शीड ओढणं-सोडणं. हे दुसरं काम करते ती विंच. बोटीच्या पोटात एक लहानसं मोटरवर फिरणारं रीळ असतं, त्यावर शिडाची दोरी गुंडाळली जाते. रीळ एका बाजूला फिरलं की शीड आवळतं, दुसऱ्या बाजूला फिरलं की सुटतं. बस. बाकी सगळं वारा.

या खेळात शिट्टी नसते. दोन बोटी एकमेकींच्या वाटेत आल्या तर कुणाचा हक्क आणि कुणी बाजूला व्हायचं हे ठरलेलं असतं. धक्का लागला तर ज्याची चूक त्यानं आपणहून बोट गर्रकन एक पूर्ण गोल फिरवायची आणि मग पुढे जायचं. कुणी सांगायची वाट पाहायची नाही. ज्यांची फेरी चालू नसते ते काठावर निरीक्षक म्हणून उभे राहतात. धक्का लागला की मोठ्यानं "कॉन्टॅक्ट" म्हणतात आणि बोटींचे नंबर सांगतात, एवढंच. सगळा खेळ माणसाच्या शब्दावर. म्हणूनच मला तो आवडायचा. हे लिहिताना माझंच मला हसू येतं, पण आवडायचा हे खरं.

मी तेव्हा फुजैऱ्याला तेलाच्या टर्मिनलवर नोकरीला होतो. दर शुक्रवारी, कारण तेव्हा सुट्टी शुक्रवारी असायची, पहाटे डोंगर ओलांडून दुबईला यायचो. एका व्हिलांच्या वसाहतीत खाऱ्या पाण्याचं तळं होतं, तिथे क्लबच्या शर्यती व्हायच्या. क्लबचा अध्यक्ष एक निवृत्त इंग्रज कॅप्टन. बाकी सगळ्या देशांचे लोक, आणि त्यांत आम्ही पाच-सहा मराठी घरं. त्या पाच-सहांतला एक माझा मित्र.

तो माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान. पुण्याचा. दुबईच्या जबल अली बंदरात एका मोठ्या गोदामाचा मॅनेजर. मला दादा म्हणायचा, अहो-जाहो करायचा. आमच्यातला सगळ्यात चांगला नाविक तोच, यात वाद नव्हता. अल क्वोजमध्ये फायबरचं काम करणाऱ्या एका वर्कशॉपात त्यानं कोपरा भाड्यानं घेतला होता, तिथे संध्याकाळी जाऊन स्वतःची बोट स्वतः घडवली होती. तो कधी चुकला तर निरीक्षकानं तोंड उघडायच्या आत त्याची बोट गोल फिरलेली असायची. एकदा धक्का लागला की नाही हे कुणालाच दिसलं नव्हतं, तरी यानं गोल घेतला आणि पहिला नंबर घालवला. मी म्हटलं, "अरे, कुणी पाहिलं नव्हतं." तर म्हणाला, "मी पाहिलं ना, दादा." बढाई म्हणून नाही, अगदी सहज.

कोरोनाच्या साथीच्या आधीच्या त्या वर्षी क्लबमधून दोघांना युरोपातल्या मोठ्या स्पर्धेला पाठवायचं होतं. एक जागा कॅप्टनची, त्याच्या जवळपास कुणी नव्हतं. दुसरी जागा माझा मित्र आणि आमच्यातलाच एक बँकवाला, या दोघांत. शेवटच्या दिवशीच्या शर्यतीत जो पुढे राहील तो जाणार होता. माझ्या मित्राला जायचंच होतं. कधी काही मागून न घेणारा माणूस तो, पण यासाठी त्यानं वर्षाची रजा साठवून ठेवली होती.

त्या शर्यतीच्या आदल्या आठवड्यात दसरा होता. मित्र कामासाठी मस्कतला गेला होता आणि जाताना बोट माझ्याकडे ठेवून गेला. पोट कोरडं व्हावं म्हणून डेकवरचं झाकण काढूनच ठेवलं होतं. फोनवर म्हणाला, "दादा, तुम्ही आणि वहिनी खंडेनवमीला सगळ्याला हार घालता, मला माहीत आहे. माझ्या बोटीला नको हं. पोटात काही जायला नको."

"अरे, मी काय खुळा आहे का?" मी म्हणालो.

आणि खंडेनवमीला मी हार घातला. गाडीला घातला, माझ्या पान्ह्यांना घातला, लॅपटॉपला फूल वाहिलं, माझ्या बोटीला घातला, आणि त्याची बोट तशी उघडीबोडकी कोपऱ्यात उभी पाहून मला बरं वाटेना. शुभ दिवस, त्यात त्याची शर्यत. बायकोनं मीना बाजारातून झेंडू आणला होता, शिवणाच्या पांढऱ्या दोऱ्यात तिनंच हार ओवले होते. मी एक हार त्याच्या डोलकाठीला गुंडाळला. दुसऱ्या दिवशी काढताना बायको म्हणाली, "दोरा ओढून सगळा काढा, कापू नका." मी स्वयंपाकघरातली कात्री घेतली आणि कापला. फुलं पिशवीत, पाकळ्या झाडल्या, झाकण चिकटवून टाकलं. दोरा सगळा आला की नाही ते पाहिलं नाही.

मित्र बोट न्यायला आला. झाकणावर बोट फिरवून म्हणाला, "काही घातलं नाहीत ना?"

"नाही रे बाबा."

हे पहिलं खोटं. या खोट्याची मला फारशी लाज नाही. घरोघरी माणसं असलं खोटं बोलतात. याच्यानंतर जे केलं त्याची लाज आहे.

शेवटच्या दिवशी माझा गट खालचा होता, आमची फेरी आधी होऊन गेली. त्यामुळे वरच्या गटाच्या फेरीला मी निरीक्षक. वाऱ्याविरुद्ध जायच्या टप्प्यावर बँकवाल्याची बोट उजवीकडून येत होती, हक्क तिचा. मित्राची डावीकडून. तिनं बँकवाल्याच्या मागून निघायचं होतं, रोजचीच गोष्ट. पण मागून निघायला बोट वाऱ्यापासून दूर वळवावी लागते, आणि तसं वळवायला शीड सोडावं लागतं. शीड आवळलेलं राहिलं तर सुकाणू कितीही दाबा, बोट वळत नाही, उलट वाऱ्याकडेच तोंड करते. मित्राचं शीड सुटलं नाही. सुकाणू पुरतं वळलेलं मला दिसत होतं. शीड तसंच, ताठ. तो ओरडला, "नो कंट्रोल! नो कंट्रोल!" हा या खेळात ठरलेला शब्द आहे, ताबा सुटला की ओरडायचा. मी तो ऐकला. मग त्याच्या बोटीचं टोक बँकवाल्याच्या बोटीच्या कुशीत गेलं, आणि ती बोट एका बाजूला झुकून, पाणी पिऊन, शिडासकट तळाला गेली.

बचावाची होडी मित्राची बोट काठाला घेऊन आली तेव्हा सगळे बुडालेल्या बोटीच्या जागी बोटं दाखवत होते. बोट माझ्या हातात आली. पाणी काढायचं म्हणून मी झाकण उघडलं. विंचच्या रिळावर, शिडाच्या दोरीच्या वेढ्यांमध्ये, शिवणाचा पांढरा दोरा आवळून बसला होता आणि त्याला झेंडूची एक पाकळी चिकटलेली होती.

मी तो ओढून काढला. ओला होता, निसटून आला. पँटच्या खिशात घातला आणि झाकण परत लावलं.

का? इतकी वर्षं मी याचं उत्तर फिरवून फिरवून सांगत आलो, स्वतःला. की मी गोंधळलो. की हात आपोआप गेला. खोटं. मला त्या क्षणी कॅप्टनचा चेहरा दिसला, आणि त्या सगळ्या लोकांसमोर "फुलांच्या हाराचा दोरा" हे शब्द उच्चारायची मला लाज वाटली. तीस वर्षं टर्मिनलवर सेफ्टीची भाषणं दिलेला माणूस मी, बोटीची पूजा करताना दोरा आत पाडला म्हणून हसतील. एवढंच कारण. एवढ्यासाठी.

सुनावणी लगेच झाली, झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. कॅप्टन मध्ये. बँकवाला उभाच होता, पँट गुडघ्यापर्यंत ओली.

"विंच अडकली," मित्र म्हणाला. "शीड सुटलंच नाही. मी ओरडलो पण."

"दाखव," कॅप्टन म्हणाला.

मित्रानं रिमोट चालू केला. काडी खाली, शीड आवळलं. काडी वर, शीड सुटलं. पुन्हा. पुन्हा. मऊ लोण्यासारखी चालली विंच. कुणीतरी मागे फिसकन हसलं.

"उघडून बघा," मित्र म्हणाला. "आत काहीतरी असणार." उघडलं. काही नव्हतं.

कॅप्टननं माझ्याकडे पाहिलं. "तू निरीक्षक होतास. त्यानं शीड सोडायचा प्रयत्न केलेला दिसला?"

"शीड सुटलेलं मला दिसलं नाही," मी म्हणालो. शब्द न् शब्द खरा. असली खरी वाक्यं बोलणाऱ्यांची मला आता किळस येते.

"तो ओरडला असं म्हणतो. तू ऐकलंस?"

"खूप आवाज होता, कॅप्टन."

मित्रानं माझ्याकडे मान वळवली. रागानं नाही. त्याला खरोखर आश्चर्य वाटलं होतं. दादांना ऐकू आलं नाही? असं. त्यानं शंकासुद्धा घेतली नाही माझ्यावर. मला आजवर ज्यांनी ज्यांनी शिव्या घातल्या त्यांत त्या नजरेइतकं मला कुणीच मारलं नाही.

निकाल झाला. हेतुपुरस्सर धडक, आणि वर सुनावणीत खोटं बोलणं. पूर्ण मालिकेतून बाद, हंगामभर बंदी. जागा बँकवाल्याला मिळाली, पण त्याची बोट गेली होती आणि नवी वेळेत येण्यासारखी नव्हती. यादीतल्या पुढच्या दोघांना कंपनीनं रजा नाकारली. त्यांच्याखाली मी.

मी गेलो. हे नीट वाचा: मी गेलो. बॅगेत क्लबचा टी-शर्ट घालून, बोटीची लांबट पेटी विमानात चढवून. तिथल्या थंड तळ्यावर कॅप्टनच्या शेजारी उभा राहून फोटो काढला. शेवटून दुसरा आलो. परत आल्यावर मराठी मंडळानं माझा शाल देऊन सत्कार केला आणि मी ती शाल घेतली. फुजैऱ्याला परतताना गाडीत बायको म्हणाली, "त्या हाराचा दोरा पूर्ण निघाला होता ना हो?" मी तिच्यावर असा खेकसलो की फुजैरा येईपर्यंत ती खिडकीबाहेरच बघत बसली. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. तिला कळलं होतं. तिलाही मी यात ओढलं.

आता मंडळींबद्दल. त्यांच्यावरचा राग मी मोकळेपणानं लिहिणार आहे. चूक माझी होती, पण तो विनोद माझा नव्हता. तो या लोकांनी केला. ज्यांच्या मुलांच्या मुंजींना, बारशांना माझा मित्र राबला होता त्यांनी. गणपतीच्या आरतीला तो आला की एकानं म्हणायचं, "जरा जागा द्या रे, धडक बसेल." दुसऱ्यानं, "अहो, नाही, विंच ठीक आहे आज!" आणि तो हसायचा. पहिल्या वेळी हसला, दुसऱ्या वेळी हसला. तिसऱ्या वेळी हातातलं प्रसादाचं ताट ठेवून निघून गेला, तर म्हणाले, "टची झालाय बुवा फार." त्याची मुलगी तेव्हा शाळेत होती. ती या मंडळींच्याच मुलांबरोबर स्कूलबसमधून जायची. बसमध्ये काय चाललं असेल ते मला सांगायला नको. त्याच्या बायकोनंच एकदा माझ्या बायकोला सांगितलं, की पोरगी रात्री जेवताना बापाला म्हणाली, "डॅडा, जस्ट से यू डिड इट. देन दे'ल स्टॉप."

हे माझ्या घरात, माझ्या कानावर आलं. आणि मी तरीही बोललो नाही. मग साथ आली, भेटीगाठी थांबल्या, मला वाटलं विसरले सगळे. त्यानं बोट विकली. क्लबमध्ये, मंडळात येणं सोडलं. मी निवृत्त झालो, मुलाकडे दुबईला राहायला आलो. सुट्टीसुद्धा शुक्रवारची शनिवार-रविवार झाली. विनोद मात्र राहिला. नव्या लोकांना तो वारशात मिळाला, गणपतीच्या ढोलताशासारखा.

या हिवाळ्यात काय झालं ते सांगतो. क्लबात एक नवीन मुलगा आला आहे, नागपूरचा, नुकतं लग्न झालेला. शर्यतीत त्याची बोट सुकाणू वळलेलं असताना सरळ जाऊन एकीवर आपटली. शीड ताठ होतं. मी काठावर होतो. मला दुरून कळलं काय झालं ते. पण त्या मुलानं गोल घेतला आणि म्हणाला, "सॉरी, माझीच चूक, लक्ष नव्हतं." शर्यत संपल्यावर मी त्याच्याजवळ गेलो.

"विंच अडकली होती ना?"

तो घाबरून इकडेतिकडे बघायला लागला. "काका, प्लीज, मोठ्यानं नका बोलू. ते सुरू करतील."

खरं कारण सांगायला तो भीत होता. या खेळात, जिथे सगळं शब्दावर चालतं, तिथे खरं बोलणं हीच नाचक्की होऊन बसली होती. आणि ती सुरुवात माझ्या खिशातून झाली होती.

त्याच दिवशी दुपारी क्लबचं वार्षिक जेवण होतं. जेवणानंतर बँकवाला उभा राहिला आणि नव्या लोकांसाठी सगळा प्रसंग करून दाखवू लागला. मित्राचा पुणेरी इंग्रजी उच्चार, रिमोटची काडी वर-खाली करणं, "प्लीज चेक, देअर मस्ट बी समथिंग!" लोक डोळे पुसत हसत होते. मी उठलो.

"थांब," मी म्हणालो. "आत होतं. मी काढलं."

सांगितलं सगळं. दसरा, हार, कात्री, दोरा, खिसा, "खूप आवाज होता". इंग्रजीत सांगितलं, मग मराठीत सांगितलं, कुणाला कळलं नाही असं व्हायला नको म्हणून. बोलून झालं. मग बँकवाल्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं:

"म्हणजे माझी बोट तुम्ही बुडवलीत?"

"हो."

"आणि माझ्या जागी तुम्ही गेलात?"

"हो."

"कमाल आहे!" असं म्हणून तो खाली बसला. त्याला फक्त बोट आठवली. ज्या माणसाची इतकी वर्षं तो नक्कल करत होता तो माणूस त्याच्या डोक्यातसुद्धा आला नाही.

मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी खोटं सांगत नाही, टाळ्या. "दादा, धाडस लागतं हं!" "व्हेरी स्पोर्टिंग, सर!" एकीनं डोळे पुसले. तिकडे एका टेबलावर कुणीतरी कुजबुजलं, "फुलांच्या हारानं बोट बुडाली!" आणि हसू फुटलं, दाबलेलं, पण फुटलं. मला समोर दिसलं की आता हाच नवा विनोद होणार, आणि मी त्यातला प्रामाणिक म्हातारा.

"टाळ्या बंद करा," मी ओरडलो. "निकाल बदला. त्याला जाऊन सांगा की तुम्ही चुकलात. सगळ्यांनी जाऊन सांगा."

कॅप्टन आता बराच थकला आहे. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "इतक्या जुन्या सुनावण्या पुन्हा उघडायची आपल्याकडे सोय नाही. सोड आता. खलास, हबीबी." आमच्या मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, "दादा, तुम्ही मन मोकळं केलंत ना, झालं. त्याला फोन करून टाका हवं तर." हवं तर! वर म्हणाले, "गणपतीला बोलावू त्याला या वर्षी." जणू हे त्याच्यावर उपकार करत होते.

मी तिथून निघालो. मुलाला फोन करून म्हटलं, मला जबल अलीकडे मित्राच्या घरी सोड. तो म्हणाला, "बाबा, आज नको, तुमचं बीपी..." मी टॅक्सी केली.

मित्रानंच दार उघडलं. केस पिकले आहेत त्याचे. "दादा? तुम्ही?" आणि आत बायकोला हाक मारली, "अगं, दादा आलेत." बायको बाहेर आली, बसा म्हणाली, पाणी आणलं. मुलगी लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली होती. आता ती नोकरी करते. "हॅलो, अंकल."

मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. मला वाटलं होतं तो ओरडेल, किंवा रडेल, किंवा म्हणेल की मला माहीतच होतं. यांतलं काहीच झालं नाही. तो खुर्चीत बसला आणि उजव्या हाताचा अंगठा डाव्या हातानं धरून बघत राहिला.

"मला वाटलं हा हलला नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी. सगळे म्हणाले विंच चालते, उघडून पाहिलं तर आत काही नाही. मग मी काय समजायचं? मला वाटलं, मीच काडी दाबली नसेल. आपल्याला जिंकायचं होतं, आतून कुठेतरी मीच दाबली नसेल. वर्षभर मी हा विचार करत होतो. डॉक्टरला दाखवून आलो, हाताच्या नसा तपासून आलो."

"तुझी काही..."

"थांबा. ऐका. मग एक दिवस हिला सांगितलं." त्यानं मुलीकडे पाहिलं. "म्हटलं, हो, केलं मी. मुद्दाम केलं. चूक झाली. ती म्हणाली, ओके डॅडा, थँक्स फॉर टेलिंग मी. त्यानंतर घरात शांत झालं सगळं. ती पुन्हा माझ्याशी नीट बोलायला लागली."

मुलीनं लॅपटॉप मिटला. "सो यू लाइड? टू मी?" ती बापाला म्हणाली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. "आय फरगेव्ह यू फॉर समथिंग यू डिडन्ट डू?"

"मला तेव्हा खरंच वाटत होतं, बाळा."

"नो, यू डिडन्ट. यू वेअर जस्ट टायर्ड." ती आत गेली आणि दार लावलं. आपटलं नाही, लावलं.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेव्हा तो उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला अरे-तुरे केलं.

"तू इथे कशाला आलास? मोकळा व्हायला? माझ्याकडे एवढीच एक गोष्ट उरली होती, की तिच्याशी मी खरं बोललो असं तिला वाटत होतं. तीही घेऊन चाललास."

"मी काय करू सांग."

"लिही," तो म्हणाला. "तिथे जेवणात भाषणं नको. लिही, मराठीत लिही, ज्यांनी माझी नक्कल केली ते वाचतील असं लिही. आणि मी खोटं कबूल केलं तेही लिही, का केलं तेही. अर्धं लिहू नकोस. अर्धं बोलण्यात तू हुशार आहेस." मग दार उघडून उभा राहिला. मी चपला घातल्या. जिन्यात आलो तेव्हा आतून पोरीचा आवाज आला, आणि त्याचा. मोठमोठ्यानं बोलत होते. मी उतरून आलो.

लिहायला मला बरेच दिवस लागले. माझं अक्षर आता लागत नाही, म्हणून नातवाकडून टाइप करून घेतलं. त्यानं मध्येच विचारलं, "आजोबा, इज धिस ट्रू?" मी म्हटलं, टाइप कर. पूर्ण झाल्यावर मित्राला फोन केला. वाटलं होतं उचलणार नाही. उचलला. मी म्हटलं, छापायला देण्याआधी तुला वाचून दाखवतो. तो बरं म्हणाला नाही, नकोही म्हणाला नाही. मी सगळं वाचलं, इथपर्यंत. पलीकडे टीव्ही चालू होता, तो मध्येच कुणीतरी बंद केला.

वाचून झालं तेव्हा तो म्हणाला, "सुनावणीत तू म्हणालास खूप आवाज होता, ते लिहिलंयस. आवाज होता की नव्हता ते लिहिलेलं नाहीस. वाचणाऱ्याला वाटेल, असेलही आवाज."

मी म्हटलं, घालतो. तो म्हणाला, "घाल," आणि फोन ठेवला.

तर ते असं. शिडाच्या बोटींना इंजिन नसतं. त्या सकाळी तळ्यावर वाऱ्याशिवाय काही वाजत नव्हतं, काठावरची माणसं दोघांची झुंज बघत श्वास रोखून उभी होती. तो माझ्यापासून चार-पाच पावलांवर होता. तो दोनदा ओरडला, आणि दोन्ही वेळा मला स्पष्ट ऐकू आलं.